मागणी पहिल्या ओळीत

(वाचनालयातल्या युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय : नोकरीचा अर्ज आणि रोजची इंग्रजी. तो वाचून मागच्या बाकावरून आवाज आलाच, "मराठीसाठी भांडायचं आणि शिकायचं इंग्रजी, हे काय गा?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर आधीच देते. आपल्या रोजच्या जगण्यात तीन भाषा आहेत. घरात मराठी, तहसीलदार कचेरीच्या खिडकीवर कन्नड आणि नोकरीच्या ईमेलमध्ये इंग्रजी. यातली एकही सोडून आपलं भागत नाही. इंग्रजीशी आपलं भांडण नाही. आणि "इंग्रजी माध्यमात घाला, सगळे प्रश्न सुटतील" असं जे आपल्या आईवडिलांना सांगितलं जातं, तेही मला पटत नाही. मी आज एवढंच सांगणार आहे की, ज्याला मराठीत सरळ, लहान वाक्य लिहिता येतं, त्याला इंग्रजीतही ते लिहिता येतं. आणि ज्याला सरळ वाक्य लिहिता येतं, त्याचा अर्ज बाजूला टाकणं समोरच्याला अवघड जातं. मग तो अर्ज कारखान्यात गेलेला असो की कचेरीत.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, इंग्रजीची नाही. खरं, गेल्या वर्षभरात मित्र-मैत्रिणींचे वीस-पंचवीस अर्ज माझ्याकडे आले. कुणाला उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अर्ज करायचा होता, कुणाला शिनोळीला, कुणाला गोव्यात वेर्ण्याला, कुणाला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. कामं वेगळी, शिक्षण वेगळं. पण पहिलं वाक्य सगळ्यांचं जवळजवळ एकच. कारण ते झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच नमुन्यावरून आलेलं असतं. ऐका :

"विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टु स्टेट दॅट आय हॅव्ह कम टु नो फ्रॉम रिलायबल सोर्सेस दॅट सम पोस्ट्स आर लाइंग व्हेकंट इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन अँड आय बीइंग अ सूटेबल कँडिडेट फॉर द सेम वुड लाइक टु ऑफर मायसेल्फ फॉर द पोस्ट."

मोजा. ४६ शब्द आहेत. आता मला सांगा, यात काय कळलं? कोणत्या जागेसाठी अर्ज आहे? नाही कळलं. अर्जदार काय शिकलाय? नाही कळलं. त्याला कोणतं यंत्र चालवता येतं, कामावर कधी येऊ शकतो? काहीच नाही. ४६ शब्दांत एकच गोष्ट पोचली, की हा माणूस खूप नम्र आहे आणि त्याला काहीतरी पाहिजे.

आता हाच अर्ज असा लिहूया :

"आय ॲम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ सीएनसी ऑपरेटर. आय कम्प्लीटेड माय आयटीआय, टर्नर ट्रेड, इन २०२२. आय हॅव्ह रन अ सीएनसी लेद फॉर टू इयर्स. आय कॅन जॉइन फ्रॉम द फर्स्ट ऑफ नेक्स्ट मंथ."

चार वाक्यं, ३५ शब्द. व्याकरण सातवी-आठवीचं. यातला एकही शब्द तुम्हाला डिक्शनरीत बघावा लागणार नाही. आणि तरीही अर्ज वाचणाऱ्याला जे पाहिजे ते सगळं यात आहे. त्याच्यासमोर शंभर अर्ज पडलेले असतात. प्रत्येक अर्जात तो तीन-चारच गोष्टी शोधत असतो. त्या वर आणून ठेवल्या, तर तो तुमचा अर्ज पुढे वाचेल.

मग आपली पोरं ते ४६ शब्दांचं वाक्य का लिहितात? इंग्रजी येत नाही म्हणून? मला तसं वाटत नाही. ते वाक्य लिहायला उलट जास्त इंग्रजी लागते. खरं कारण असं की, अर्ज म्हणजे विनवणी, हे आपल्या डोक्यात बसलंय. "बेग टु स्टेट" म्हणजे "याचनापूर्वक सांगतो". ही कंपनी सरकारच्या आणि राणी सरकारच्या दरबारातली भाषा आहे. रयतेनं साहेबापुढे हात जोडून उभं राहायचं, आणि शेवटी "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक" म्हणून सही करायची. आपल्या मराठी अर्जातही तेच उतरलं : "वरील विषयास अनुसरून मी खाली सही करणार अर्ज सादर करतो की", आणि शेवटी "आपला कृपाभिलाषी".

गंमत अशी, की ज्यांनी ही भाषा आपल्याला दिली त्यांनी ती स्वतः सोडून द्यायचे प्रयत्न कधीच सुरू केले. ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स नावाचे मोठे सनदी अधिकारी होते. तिथल्या अर्थखात्यानं त्यांना सरकारी कर्मचाऱ्यांसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. ते 'प्लेन वर्ड्स' नावानं १९४८ साली आलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : लोकांना पत्र लिहिताना आधी आपल्याला काय म्हणायचंय ते ठरवा, मग ते साध्या, ओळखीच्या शब्दांत लिहा, आणि जादा शब्द काढून टाका. अमेरिकेत २०१० साली कायदाच झाला, की केंद्र सरकारच्या खात्यांनी जनतेसाठीचा मजकूर स्पष्ट भाषेत लिहिला पाहिजे. म्हणजे साधं लिहिणं ही कमी शिकलेल्याची पळवाट नाही. मोठमोठ्या खात्यांना ते आदेश काढून शिकवावं लागलं.

आता लांब वाक्याचं दुसरं कारण. ते आपल्या भाषेच्या ठेवणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आणि "करून, जाऊन, असून, असल्यामुळे" लावत आपण कितीही लांब जाऊ शकतो. "सकाळी उठून, डबा भरून घेऊन, सातची बस पकडून कॉलेजला आले." बोलताना हे छान वाटतं. ऐकणारा शेवटच्या "आले"पर्यंत थांबतो. कन्नडातही असंच आहे. इंग्रजीत मात्र कोण आणि काय केलं, हे दोन्ही सुरुवातीलाच सांगावं लागतं. आपण मराठी वाक्य डोक्यात धरून शब्दाला शब्द ठेवत जातो, आणि मग "बीइंग", "हॅविंग", "ड्यू टु" यांची माळ तयार होते.

म्हणून माझा सल्ला असा. इंग्रजी लिहायच्या आधी मराठी वाक्य तोडा. एक उदाहरण घेऊ. एका मित्रानं कच्चा मजकूर मराठीत असा लिहिला होता :

"माझे वडील शेती करत असून घरची परिस्थिती बेताची असल्याने मी शिक्षण घेत असतानाच एका दुकानात हिशेबाचे काम पाहत होतो व त्यामुळे मला टॅलीची माहिती आहे."

यातली क्रियापदं पेन्सिलीनं अधोरेखित करा. शेती करतात. परिस्थिती बेताची आहे. शिक्षण घेत होतो. काम पाहत होतो. माहिती आहे. पाच गोष्टी आहेत. आता प्रत्येकीला विचारा, ही गोष्ट नोकरी देणाऱ्याला कशाला पाहिजे? वडिलांची शेती त्याला नको. घरची परिस्थिती त्याला नको. उरलं काय? "मी एका दुकानाचा हिशेब दोन वर्षं लिहिला. मला टॅली वापरता येतं." आता इंग्रजी करा : "आय कीप्ट द अकाउंट्स ऑफ अ शॉप फॉर टू इयर्स. आय कॅन यूज टॅली." संपलं.

घरची परिस्थिती काढायला सांगितली तेव्हा तो मित्र जरा नाराज झाला. त्याला वाटलं, तीच तर खरी गोष्ट आहे. मी त्याला म्हटलं, खरी आहे, आणि लाज वाटण्यासारखी मुळीच नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात ती पहिल्या ओळीत लिही, कारण तिथं तीच अट आहे. नोकरी म्हणजे मदत नव्हे. तू काम देतोस, ते पगार देतात. शिकत असताना दोन वर्षं हिशेब सांभाळला, ही तुझी कमाई आहे. दयेच्या वाक्यामागे ती झाकू नकोस.

रोजच्या इंग्रजीतही काही ठरलेली वाक्यं आपण सगळेच वापरतो. मुलाखतीत "मायसेल्फ अमुक अमुक" म्हणायचं नाही, "आय ॲम" म्हणायचं. "आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स" नाही, "आय हॅव्ह". "डिस्कस अबाउट" नाही, नुसतं "डिस्कस". आणि ईमेलच्या शेवटचं ते लाडकं वाक्य, "काइंडली डू द नीडफुल". म्हणजे योग्य ते करा. आता योग्य ते काय, हे समोरच्यानं ओळखायचं? सरळ लिहा : "प्लीज सेंड मी द इंटरव्ह्यू डेट." "प्लीज करेक्ट माय नेम ऑन द मार्क्सशीट." काय पाहिजे ते नाव घेऊन मागा.

फोनवर समोरचा भराभर इंग्रजी बोलायला लागला की आपण "येस सर, येस सर" म्हणत राहतो. त्याची काही गरज नाही. दोन वाक्यं पाठ करून ठेवा. "प्लीज से दॅट अगेन, स्लोली." आणि "आय विल राइट इट डाउन." या दोन वाक्यांनी कुणाची नोकरी जात नाही. न समजता "येस" म्हटल्यानं मात्र चुकीच्या दिवशी, चुकीच्या पत्त्यावर जायची वेळ येते.

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर एआय आहे, तो अर्ज लिहून देतो. देतो की. मीही वापरते. खरं, त्याला नुसतं "नोकरीचा अर्ज लिही" म्हटलं तर तोही तसलंच भरजरी लिहून देतो, फक्त नव्या पद्धतीचं. मुलाखतीत त्यातलं एक वाक्य समोरच्यानं विचारलं, तर ते तुम्हाला तोंडानं सांगता आलं पाहिजे. त्याला आपली चार लहान मराठी वाक्यं द्या आणि "एवढंच इंग्रजीत कर, काही वाढवू नकोस" असं सांगा. म्हणजे परत तिथंच आलो. आधी मराठी वाक्य सरळ पाहिजे.

आता माझ्या विषयाकडे येते, कारण वाक्याचा प्रश्न नोकरीपाशी संपत नाही. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. ती लढाई मोठ्या पातळीवर चालते. पण दाखला, उतारा, फॉर्म, नोटीस ही लढाई रोज खिडकीवर असते, आणि तिथं आपल्या हातात फक्त एक कागद असतो.

त्या कागदामागे कायदा काय आहे ते नीट समजून घ्या. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं, की तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देताना, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. म्हणजे तक्रारीचं निवेदन तुम्ही मराठीत देऊ शकता. हे कलम उत्तर कोणत्या भाषेत यावं याबद्दल मात्र काही बोलत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं त्याच्या पुढे ३५० क आणि ३५० ख आली. पहिलं प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल आहे. दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याबद्दल. त्याशिवाय १९५६ चं केंद्राचं निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून काही संरक्षणं ठरली. त्यातलं आपल्या कामाचं असं : जिल्ह्यात किंवा त्याखालच्या भागात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात.

आता माहिती अधिकार कायदा, २००५ बघा. त्याचं कलम ६ म्हणतं, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करा. आपल्याकडे राजभाषा कन्नड. म्हणजे मराठीत नोटिसा का निघत नाहीत याची माहिती मागायला जो कायदा हाताशी आहे, त्याचा अर्ज आपल्याला कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो. मागच्या बाकावरच्या मित्राला माझं खरं उत्तर हे आहे. मराठीचा हक्क मागायलाच इथं लहान, सरळ इंग्रजी कामाला येते.

आणि कर्नाटकाच्या नियमांत २००८ साली एक भर पडली. माहितीचा अर्ज एकाच विषयावर असावा आणि साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. म्हणजे त्या ४६ शब्दांच्या वाक्यासारखी तीन वाक्यं लिहिलीत की जागा जवळजवळ संपली. माहिती का पाहिजे हे सांगायची तर गरजच नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे "आमच्यावर कित्येक वर्षे अन्याय होत असून" ही सुरुवात तिथं नको. तो अन्याय खरा आहे. तो मोर्चात सांगू, लेखात लिहू, सभेत बोलू. माहितीच्या अर्जात कागद मागायचा. "का करत नाही?" असं विचारलं तर कार्यालय म्हणू शकतं, अशी कारणं आमच्या नोंदीत नाहीत. म्हणून असं लिहा :

"प्लीज गिव्ह मी कॉपीज ऑफ ऑल नोटिसेस पब्लिश्ड इन मराठी बाय युवर ऑफिस फ्रॉम १ एप्रिल २०२३ टु ३१ मार्च २०२४. इफ नो नोटीस वॉज पब्लिश्ड इन मराठी, प्लीज स्टेट सो."

दुसरं वाक्य विशेष लक्षात ठेवा. प्रती आल्या तर आपल्याला नोटिसा मिळाल्या. "एकही नाही" असं उत्तर आलं, तर तो सहीशिक्क्याचा पुरावा झाला. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आलं नाही तर अपील करता येतं.

माझ्या एका मैत्रिणीनं एका कचेरीत मराठीत तक्रार दिली. खिडकीवरच्या माणसानं कागद हातात न घेताच परत सरकवला आणि कन्नडात लिहून आणायला सांगितलं. ती वाद न घालता घरी आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. कागदावर खाली एकच ओळ वाढवली होती, मराठीत आणि इंग्रजीत : "हा अर्ज स्वीकारत नसाल, तर कारण याच कागदावर लिहून सही करावी." कागद आतल्या टेबलावर गेला, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळाला. दर वेळी असं होईल असं मी म्हणत नाही. ज्याला अडवायचंच आहे तो लहान वाक्यालाही अडवेल. पण मग आपल्याजवळ तारीख असते, प्रत असते. शिक्का दिलाच नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

कन्नडाबद्दलही एक सांगते, राग मानू नका. खिडकीवर दोन वाक्यं कन्नडात बोलता आली तर आपलं मराठीपण कमी होत नाही. "ननगे ई अर्जी मराठियल्ली बेकु", म्हणजे मला हा अर्ज मराठीत पाहिजे. बघा, त्यांचं "अर्जी" आणि आपलं "अर्ज" एकच शब्द आहे. मराठीची मागणी कन्नडात केली, तर ती समोरच्याला पटकन कळते, आणि "मला समजलं नाही" म्हणायची सोय राहत नाही.

काहींना वाटतं, लहान वाक्य म्हणजे उद्धटपणा. नाही. "प्लीज" आणि "थँक यू" एवढी नम्रता पुरेशी आहे. आपल्या आजोबांच्या पिढीनं घोषणा दिली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." चार शब्द. काय पाहिजे ते त्यात आहे, आणि किती पाहिजे ते त्या "च"मध्ये आहे. कुणाला अपशब्द नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. ही घोषणा शाळेत न गेलेल्या माणसालाही समजली आणि दिल्लीलाही समजली. आपल्याकडे सरळ वाक्याची परंपरा आहे, फक्त ती अर्जात आणायची राहिली आहे.

शेवटी करायचं काय, ते सांगते. अर्ज पाठवण्याआधी चार गोष्टी बघा. एक, मागणी पहिल्या ओळीत आहे का. दोन, एका वाक्यात एकच गोष्ट आहे का. क्रियापदं मोजली की कळतं. तीन, मोठ्यानं वाचा. मधे श्वास घ्यावा लागला तर तिथं पूर्णविराम द्या. चार, आकडे, तारखा, जागेचं नाव आणि तुमचा फोन नंबर बरोबर आहेत का. एवढं झालं की दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या आणि विचारा, "मी काय मागालोय?" त्यानं एका वाक्यात सांगितलं तर पाठवा. नाही सांगता आलं तर परत लिहा.

पुढच्या रविवारी याच वेळी इथं बसूया. प्रत्येकानं एक खरा अर्ज घेऊन यायचा. नोकरीचा, शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा, माहिती अधिकाराचा, कुठलाही चालेल. सोबत त्याची मराठी वाक्यं वेगळ्या कागदावर लिहून आणा. ती आधी तपासू, इंग्रजीचं मग बघू. आणि झेरॉक्सच्या दुकानातला तो जुना नमुना बदलून आपण तयार केलेला चार ओळींचा नमुना तिथं ठेवायला सांगू. दुकानदार आपलेच काका आहेत, नाही म्हणणार नाहीत.